पल्स काउंटरवर लिटर बरोबर येत नाहीत – फॅक्टर कसा बसवायचा? (टँकरचं पाणी, कुंडई)

कुंडईचा वायरमन | १४ एप्रिल, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. गोव्यातल्या कुंडई औद्योगिक वसाहतीत एका मध्यम कारखान्यात मी मेंटेनन्सचं इलेक्ट्रिकल बघतो. एप्रिल-मेमध्ये नळाचं पाणी पुरत नाही म्हणून रोज दोन-तीन टँकर घेतो, एकेक दहा हजार लिटरचा. टँकर गेटजवळ लागतो, दोन इंची होजने पाणी जमिनीखालच्या टाकीत आपोआप उतरतं, पंप नाही. त्याच लाइनवर गेल्या महिन्यात टर्बाइन फ्लो मीटर बसवला, पाण्याने आतलं चाक फिरतं त्यावरून लिटर मोजणारा. त्याची तीन तारांची पल्स (चाक फिरताना येणारा विजेचा ठोका) पॅनेलमधल्या सहा अंकी काउंटरला दिली आहे.

मीटरच्या पाटीवर के-फॅक्टर १३.२ पल्स प्रति लिटर असा आहे. म्हणजे एका पल्सला १ ÷ १३.२ = ०.०७५८ लिटर. काउंटरचं प्रीस्केल (प्रत्येक पल्सला गुणायचा फॅक्टर) चारच दशांश घेतं, तेव्हा ०.०७५८ भरलं. पाण्याच्या वीस लिटरच्या जारने तपासलं, बरोबर २० आलं. दोनदा केलं, दोन्हीदा २०.

पण टँकर रिकामा झाला की काउंटर ९,१०० च्या आसपास थांबतो. परवा ९,१०५, काल ९,०९०, आज ९,११२. ऑफिसने आकडे बघितले आणि आठशे-नऊशे लिटर कमी येतात म्हणून तीन खेपांचे पैसे कापले. टँकरवाला माझ्यासमोर उभा राहून म्हणाला, "दादा, मी पाणी वाटेत ओतून येतो असं म्हणायचंय का तुम्हाला?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. काउंटर मीच लावला आहे. चुकतोय तो की मी, हे मला कळायलाच हवं.

---

बार्जवरचा इंजिनमन | १४ एप्रिल, रात्री १०:१५

लिटर विसरा थोडा वेळ. प्रीस्केल १.०००० करा, दशांश चिन्ह काढून टाका आणि एक पूर्ण टँकर नुसत्या पल्समध्ये मोजा. दहा हजार लिटरला १३.२ ने १,३२,००० पल्स यायला हव्यात, सहा अंकांत सहज बसतात. जोवर कच्च्या पल्स बरोबर आहेत की नाहीत हे ठाऊक नाही, तोवर फॅक्टरला हात लावू नका. मांडवीवरच्या बार्जवर डिझेलचे मीटर मी वीस वर्षं बघितले. आकडा चुकला की नवीन माणूस पहिलं काम करतो ते फॅक्टर बदलण्याचं. मग मूळ दोष तसाच राहतो आणि वर फॅक्टरही चुकीचा होतो.

दुसरं, जारची परीक्षा फार काही सांगत नाही. तुमचा काउंटर पूर्ण लिटरच दाखवतो. १९.१ असो की २०.९, दिसणार १९ किंवा २०. वीस लिटरात एक लिटर म्हणजे पाच टक्के. शिवाय जार तुम्ही हळू भरला असणार.

---

मीटरबाई | १४ एप्रिल, रात्री ११:०२

मी वेर्ण्याला औषध कंपनीत इन्स्ट्रुमेंटेशन बघते. 'हळू भरला असणार' यातच उत्तर असावं असं मला वाटतं.

वायरमन दादा, काउंटरच्या बाजूला किंवा पॅरामीटरमध्ये इनपुटचा वेग ठरवायची जागा असते. बहुतेक काउंटरवर दोन-तीन पर्याय असतात: ३० हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला ३० पल्स), १ किलोहर्ट्झ, ५ किंवा १० किलोहर्ट्झ. कुठे डिप स्विच म्हणजे बारीक सरकता स्विच असतो, कुठे मेनूमध्ये. ३० हर्ट्झचा पर्याय रीड स्विच, लिमिट स्विच, रिले अशा धातूच्या संपर्कांसाठी असतो. संपर्क मिटताना तो काही मिलिसेकंद थरथरतो आणि एका मिटण्याच्या चार-पाच पल्स होतात. त्या गाळायला काउंटर ठरावीक वेळेपेक्षा छोटी पल्स मोजतच नाही. ३० हर्ट्झ म्हणजे निम्मा वेळ चालू, निम्मा वेळ बंद धरून साधारण १६–१७ मिलिसेकंद. त्याहून बारीक पल्स आली की तो ती सरळ सोडून देतो, आणि कुठला दिवा लागत नाही, कुठली एरर येत नाही.

आता तुमचा हिशोब. टँकर किती वेळात रिकामा होतो?

---

कुंडईचा वायरमन | १५ एप्रिल, सकाळी ७:२०

जवळपास दीड तास, कधी पाच मिनिटं कमी. डिप स्विच बघतो. पॅनेल बंद असतं आणि काउंटर आतल्या खोलीत, त्यामुळे टँकर चालू असताना आकड्याकडे कोणी बघत नाही. शेवटचा आकडा तेवढा लिहून घेतात.

---

मीटरबाई | १५ एप्रिल, सकाळी ८:०५

दीड तासात दहा हजार म्हणजे मिनिटाला सरासरी ११०–११५ लिटर. सेकंदाला १.९ लिटर, गुणिले १३.२, म्हणजे २५ हर्ट्झ. सरासरी ३० च्या खाली आहे, म्हणून बसवणाऱ्याला वाटलं असेल की चालेल.

पण तुमच्याकडे पंप नाही. पाणी स्वतःच्या दाबाने उतरतं. टँकर भरलेला असताना पाण्याची उंची सर्वात जास्त, म्हणून वेगही सर्वात जास्त. पातळी उतरते तसा वेग कमी होतो. सुरुवातीला १४० लिटर मिनिटाला असेल तर १४० ÷ ६० × १३.२ = ३०.८ हर्ट्झ. सीमेच्या जरा पलीकडे. सीमा मोडते मिनिटाला १३६ लिटरला.

म्हणजे माझा अंदाज असा: टँकर उघडल्यापासून पहिली पाच-सहा मिनिटं काउंटर जवळजवळ मोजतच नाही. वेग १३६ च्या खाली आला की मोजू लागतो आणि नंतर शेवटपर्यंत बरोबर मोजतो. पाच-सहा मिनिटं गुणिले १४० म्हणजे सातशे ते साडेआठशे लिटर. तुमची तूट जवळपास तेवढीच आहे.

आज टँकर लागला की पॅनेलसमोर उभे राहा. बाकी काही करू नका, फक्त बघा.

---

कुंडईचा वायरमन | १५ एप्रिल, संध्याकाळी ६:५०

बघितलं.

अकरा वाजता टँकर लागला. गेटवरच्या मुलाने व्हॉल्व्ह उघडून मला फोन केला. मी घड्याळ लावून काउंटरसमोर उभा. आकडा ०. एक मिनिट झालं, ०. मग ३, मग परत थांबला. मीटरवरचा बारीक दिवा मात्र जोरात लुकलुकत होता, इतका की जळतोच आहे असं वाटावं. पाच मिनिटांनी आकडा ४१. साडेपाच मिनिटांनी तो झटके देत चालू लागला, मधेच थांबायचा, पुन्हा पळायचा. सातव्या मिनिटापासून मात्र एकसारखा, घड्याळासारखा.

डिप स्विच ३० हर्ट्झवरच आहे. बनवणाऱ्या कंपनीकडून आला तसाच. मी बघितलाच नव्हता.

पहिलं काम केलं ते ऑफिसात जाऊन साहेबांना सांगितलं की तीन खेपांचे कापलेले पैसे परत करायला हवेत, चूक काउंटरच्या सेटिंगची आहे आणि सेटिंग माझं आहे. ते म्हणाले, आधी नीट आकडा आणून दाखव.

---

बार्जवरचा इंजिनमन | १५ एप्रिल, संध्याकाळी ७:३०

चांगलं केलंत. आता स्विच वरच्या वेगावर टाकाल तेव्हा एक काळजी घ्या. वरच्या वेगाला काउंटर बारीक पल्स पकडतो, पण बारीक कचराही पकडतो. जवळपास ड्राइव्हवरची मोटर आहे का?

---

कुंडईचा वायरमन | १६ एप्रिल, दुपारी १:१०

आहे. टाकीतून वर पाणी चढवणारा बूस्टर पंप, साडेसात एचपी, व्हीएफडीवर, म्हणजे मोटरचा वेग कमीजास्त करणाऱ्या ड्राइव्हवर. आणि हो, तेच झालं. सकाळी स्विच १ किलोहर्ट्झवर टाकला, व्हॉल्व्ह पूर्ण बंद, टँकर नाही, मीटरचं चाक जागच्या जागी. बूस्टर चालू झाला आणि काउंटर आपोआप चढू लागला. सेकंदाला तीन-चार. बूस्टर बंद केला की थांबतो.

---

बार्जवरचा इंजिनमन | १६ एप्रिल, दुपारी ३:४५

आता सेन्सरची केबल कुठून आणली ते सांगा. ड्राइव्हच्या मोटर केबलच्याच ट्रेमधून असणार.

व्हीएफडी मोटरला जो वीजदाब देतो तो गुळगुळीत नसतो, हजारो वेळा कापून दिलेला असतो. त्या केबलशेजारून तुमची चोवीस व्होल्टची बारीक तार वीस-पंचवीस मीटर समांतर गेली की तिच्यात टोचे उठतात. एनपीएन ओपन कलेक्टर सेन्सर (चालू झाला की सिग्नलची तार फक्त शून्याकडे ओढणारा) असेल तर आणखी एक गोष्ट: सेन्सर बंद असताना सिग्नलची तार कोणी धरून ठेवलेली नसते. ती वर ओढून ठेवायला रेझिस्टन्स लागतो. कित्येक काउंटरमध्ये तो आत असतो आणि एनपीएन-पीएनपी स्विचने जोडला जातो. तो चुकीच्या बाजूला असेल तर तार लोंबकळत राहते आणि हवेतलं सगळं उचलते.

हे करून बघा. सेन्सरसाठी शील्डवाली, म्हणजे तारांभोवती धातूचं वेष्टन असलेली केबल वापरा. शील्ड फक्त पॅनेलच्या बाजूला अर्थला बांधा, मीटरकडचं टोक कापून टेप लावून मोकळं ठेवा. दोन्ही टोकं बांधलीत तर दोन जागच्या अर्थमधला फरक त्या शील्डमधून वाहू लागतो. केबल मोटरच्या ट्रेमधून काढा, निदान फूटभर लांबून न्या. ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा. तपकिरी तार चोवीस व्होल्टला, निळी शून्याला, काळी इनपुटला. काउंटर एनपीएनवर. आतला रेझिस्टन्स कमजोर वाटला तर काळी आणि तपकिरी यांच्यामध्ये पॅनेलच्या टर्मिनलवर २.२ किलो-ओहमचा अर्ध्या वॅटचा लावा.

आणि कसोटी एकच: व्हॉल्व्ह बंद, बूस्टर चालू, काउंटर शून्यावर. पंधरा मिनिटं. एकही पल्स वाढता कामा नये. 'एखाद-दुसरी चालेल' असं म्हणू नका. रात्रभर बूस्टर चालतो, सकाळी त्या एखाद-दुसरीचे लिटर होतात.

---

काजूवाली | १६ एप्रिल, रात्री ८:३०

धागा वाचते आहे. आमचं डिचोलीकडे काजूचं छोटं युनिट आहे. आमच्याकडे बेल्टवर खोके मोजायला फोटो सेन्सर आणि असाच काउंटर आहे. आमचा आकडा उलट जास्त यायचा, शंभर खोक्यांना एकशेआठ, एकशेदहा. खोक्यावरची चकचकीत टेप परावर्तन द्यायची आणि एका खोक्याच्या दोन पल्स व्हायच्या. आमच्याकडे ३० हर्ट्झवर स्विच टाकून फरक पडला नाही, कारण दोन पल्समध्ये अंतर भरपूर होतं. शेवटी सेन्सरचा कोन बदलला, आरशाऐवजी समोरासमोरचा जोड लावला. हे इथे उपयोगी आहे की नाही माहीत नाही, पण मोजणी चुकली तर आधी सेन्सर प्रत्यक्षात काय बघतो ते पाहावं, हे मात्र पटलं.

---

मीटरबाई | १६ एप्रिल, रात्री ९:००

काजूवाली ताई, अगदी उपयोगी. समोरासमोरच्या जोडीत किरण तुटतो तेव्हाच पल्स, त्यामुळे टेप चकचकीत असली तरी काही बिघडत नाही.

वायरमन दादा, केबलचं होईपर्यंत फॅक्टरचं सांगते, कारण ते नंतर लागेलच. १ ÷ १३.२ म्हणजे ०.०७५७५७५… चार दशांशात तो ०.०७५८ होतो. एवढ्याशा पूर्णांकनाने ०.०५६ टक्के वाढ होते, दहा हजारात साडेपाच लिटर. फार नाही, पण फुकट टाळता येते. लिटरऐवजी दशांश लिटर मोजा. फॅक्टर ०.७५७६ भरा आणि दशांश चिन्ह एक घर डावीकडे आणा. काउंटर आतून दशांश लिटर मोजेल, दाखवेल ९९३८.० असं. आता चूक दहा हजारात तीन दशांश लिटर. सहा अंकांत ९९,९९९.९ पर्यंत जाता येतं, म्हणजे जवळजवळ दहा टँकरना पुरेसं, आणि तुम्ही प्रत्येक टँकरला शून्य करताच.

दशांश चिन्ह हलवल्याने मोजणी बदलत नाही, फक्त दिसणं बदलतं. हे नवीन लोकांच्या लक्षात येत नाही. चिन्ह हलवलं आणि फॅक्टर तसाच ठेवला तर सगळं दहापट चुकेल.

---

रोलमशीनवाला | १६ एप्रिल, रात्री १०:२०

मडकईला प्लास्टिक फिल्मच्या रोलवर काम करतो. आमच्याकडे लांबी मोजायची, चाक फिल्मवर टेकवून एन्कोडरने, म्हणजे चाकाच्या फिरण्याच्या पल्स देणाऱ्या सेन्सरने. चाकाचा परीघ २०० मिलिमीटर, एन्कोडर एका फेऱ्यात ५०० पल्स. एका पल्सला ०.४ मिलिमीटर. आम्ही आधी एकच वाहिनी जोडली होती. मशीन थांबली की फिल्म ताणाने जराशी मागेपुढे हलायची आणि काउंटर प्रत्येक हलण्याला पुढे पुढे चढायचा, कारण एका वाहिनीला दिशा कळत नाही. ए आणि बी दोन्ही वाहिन्या जोडल्यावर मागे गेलेलं वजा होऊ लागलं. तुमच्या पाण्यात उलट प्रवाहाचा प्रश्न नसेल कदाचित, पण होज काढताना पाणी मागे आलं तर टर्बाइन उलट फिरून पल्स देतो हे ध्यानात ठेवा. तुमच्या लाइनला पाणी मागे येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आहे का?

आणि चाक झिजतं. ६३.७ मिलिमीटरचा व्यास ६३ झाला की आमची लांबी एक टक्का जास्त दाखवते. दर तीन महिन्यांनी टेपने मोजतो आणि फॅक्टर बदलतो. टर्बाइनच्या बेअरिंगचंही तसंच असेल.

---

कुंडईचा वायरमन | १९ एप्रिल, संध्याकाळी ७:१५

नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आहे, मीटरनंतर.

केबल बदलली. बार्जवाले काका म्हणाले ते तंतोतंत केलं. जुनी केबल खरंच मोटरच्या ट्रेमधून आली होती, टायने मोटर केबललाच बांधलेली. मीटरच्या जोडणीच्या डबीत टर्मिनल हिरवंगार झालं होतं. समुद्र इथून लांब असला तरी आपल्या हवेत तांब्याचं असंच होतं. साफ केलं, नवीन लग लावले, डबीला नवीन ग्लँड (केबल आत जाते तिथली घट्ट बसणारी टोपी) आणि रबर. व्हॉल्व्ह बंद, बूस्टर चालू. पंधरा मिनिटांऐवजी अर्धा तास बसलो. काउंटर ०.०.

फिरत्या मीटरवर काळ्या तारेला मल्टिमीटर लावला, ११ व्होल्टच्या आसपास स्थिर दाखवत होता. निम्मा वेळ चोवीस, निम्मा वेळ शून्य, म्हणून मध्यावर, असं मी समजतो. बरोबर ना?

आता खरं मोजायचं. साहेबांनी परवानगी दिली, फोंड्याकडच्या वजनकाट्यावर भरलेला टँकर तोलला, रिकामा झाल्यावर परत तोलला. फरक ९,९०० किलो. काउंटरने दाखवले १०,०६०.२. कच्च्या पल्स १,३२,७९०.

म्हणजे आता टँकरवाला १६० लिटर जास्त देतोय? की फॅक्टर परत चुकला?

---

रोलमशीनवाला | १९ एप्रिल, रात्री ८:००

सोपं आहे. नवा फॅक्टर = जुना फॅक्टर × खरं ÷ दाखवलेलं. ०.७५७६ × ९,९०० ÷ १०,०६० = ०.७४५६. भरा आणि मोकळे व्हा.

---

मीटरबाई | १९ एप्रिल, रात्री ८:४०

सूत्र बरोबर, पण भरू नका. दोन कारणं.

एक, किलो आणि लिटर. एक लिटर पाणी एक किलो हे ४ अंश तापमानाला. आपल्या एप्रिलमध्ये टँकरमधलं पाणी २८ अंशांच्या पुढेच असतं. २८ अंशांना लिटरभर पाणी ०.९९६२ किलो भरतं. ९,९०० ÷ ०.९९६२ = ९,९३८ लिटर. नुसत्या या फरकाने ३८ लिटर.

दोन, उरलेले १२२ लिटर कुठून आले हे कळल्याशिवाय त्यांना फॅक्टरमध्ये पुरायचं नाही. सव्वा टक्का फरक टर्बाइन मीटरला जास्त आहे. तो सगळ्या प्रवाहात सारखा पसरलेला आहे, की एका जागी साचलेला? सारखा असेल तरच फॅक्टर बदलून भागेल.

मल्टिमीटरचं तुमचं समजणं बरोबर आहे.

---

बार्जवरचा इंजिनमन | १९ एप्रिल, रात्री ९:१०

टँकर संपताना मीटरचा आवाज ऐकलाय कधी?

---

कुंडईचा वायरमन | २० एप्रिल, दुपारी १२:३०

काका, आज ऐकला. संपत आला की होजमध्ये खळखळ होते आणि मीटर शिटी वाजवल्यासारखा घोंघावतो. मोबाईलवर काउंटरचा व्हिडिओ घेतला. संपूर्ण वेळ आकडा शांतपणे चढतो, शेवटी वेग मंदावतो, आणि मग अकरा सेकंदांत सुमारे साडेबाराशे पल्स! म्हणजे ९५ लिटर. तेवढ्या वेळात तेवढं पाणी त्या होजमधून येणं शक्यच नाही.

---

बार्जवरचा इंजिनमन | २० एप्रिल, दुपारी २:००

हवा. टर्बाइनला पाणी आणि हवा यातला फरक कळत नाही, त्याचं चाक फिरलं की झालं. हवेला अडथळा कमी, म्हणून ते भन्नाट फिरतं. डिझेल घेताना शेवटी हेच व्हायचं, म्हणून आम्ही मीटरच्या आधी हवा काढणारं भांडं ठेवायचो.

आणि हेही बघा: साडेबाराशे भागिले अकरा म्हणजे सेकंदाला एकशेदहाच्या वर पल्स. तुमचा ३० हर्ट्झचा स्विच हे सगळं गाळून टाकत होता. म्हणून हा दोष आजवर दिसलाच नाही. एका चुकीने दुसरी झाकली होती.

---

मीटरबाई | २० एप्रिल, दुपारी २:२५

काकांचं बरोबर. उपाय पाइपमध्ये आहे, काउंटरमध्ये नाही. मीटर सर्वांत खालच्या जागी आणा, पाइपला यू आकार देऊन. म्हणजे टँकर संपला तरी मीटरच्या पोटात पाणी उभं राहील. मीटरच्या आधी पाइपच्या व्यासाच्या दहापट सरळ लांबी ठेवा, नंतर पाचपट. दोन इंचीला अर्धा मीटर आणि पाव मीटर. बेंडनंतर लगेच मीटर लावला तर पाणी गिरक्या घेत येतं आणि चाक त्यानेही चुकतं. आणि खळखळ सुरू झाली की गेटवरच्या मुलाने व्हॉल्व्ह बंद करावा. होजमध्ये उरेल ते पाणी बादलीत काढा.

---

कुंडईचा वायरमन | २७ एप्रिल, रात्री ९:५०

उशीर झाला, प्लंबर मिळत नव्हता. लग्नसराई आहे, सगळे त्यात.

पाइपला यू दिला. आधी साठ सेंटिमीटर सरळ, नंतर तीस. तीन दिवस तीन टँकर काट्यावर तोलले, दर खेपेला पाण्याचं तापमानही घेतलं. काट्याची बारकाई दहा किलोची आहे, म्हणून एकाच तोलावर भरवसा ठेवला नाही. तिन्हीत काउंटर खऱ्यापेक्षा पाव टक्क्याच्या आसपास जास्त, आणि सुरुवात, मध्य, शेवट कुठेही उडी नाही. सरासरी काढली तर खरं ९,९३८ ला दाखवलेलं ९,९६५. आता मात्र सूत्र लावलं: ०.७५७६ × ९,९३८ ÷ ९,९६५ = ०.७५५५. भरलं. आज चौथा टँकर: काट्याने ९,९४८, काउंटरने ९,९४४.६.

पॅनेलच्या दाराच्या आतून कागद चिकटवला आहे: के-फॅक्टर, भरलेला फॅक्टर, दशांशाची जागा, इनपुट १ किलोहर्ट्झ, एनपीएन, तारीख. मेनूला कुलूप घातलं. वीज गेली तरी आकडा राहतो की नाही तेही टँकर मध्यावर असताना ब्रेकर पाडून बघितलं. आकडा राहतो, पण वीज नसताना गेलेलं पाणी अर्थातच मोजलं जात नाही. म्हणून काउंटर छोट्या यूपीएसवर घेतला.

साहेबांसमोर सगळे आकडे ठेवले. कापलेल्या तीन खेपांचे पैसे परवा चुकते झाले.

---

काजूवाली | २७ एप्रिल, रात्री १०:१५

शेवटची ओळ वाचून फार बरं वाटलं.

---

मीटरबाई | २७ एप्रिल, रात्री १०:३०

अभिनंदन. एक सांगते, हे तुमच्या आतल्या हिशोबासाठी उत्तम. पण या आकड्यावर पैसे द्यायचे-घ्यायचे असतील तर वैध मापन कायदा, २००९ प्रमाणे व्यवहारात वापरलेलं माप तपासून शिक्का मारलेलं लागतं. शिक्क्याचा काटा आहे तोवर वाद झाल्यास काट्याचा तोल धरा, काउंटर नाही. साहेबांच्या कानावर घाला.

---

कुंडईचा वायरमन | २८ एप्रिल, सकाळी ७:०५

सांगितलं. वाद झाला तर काटा, असं ठरलं.

अजून एक विचारायचं होतं. काल टँकरवाला स्वतः आत आला. पहिली दहा मिनिटं माझ्याशेजारी उभा राहून आकडा चढताना बघत होता, एक शब्द बोलला नाही. जाताना म्हणाला, हे यंत्र गेटवर लावता येईल का, म्हणजे मलाही दिसेल. मला ते योग्य वाटतं. पावसाआधी बाहेर लावायचं आहे. काउंटरच्या तोंडाला आयपी ६५ (धूळ-पाणी आत न जाण्याचा दर्जा) लिहिलं आहे, तेवढं पुरेल का?

---

बार्जवरचा इंजिनमन | २८ एप्रिल, सकाळी ८:४०

आयपी ६५ फक्त तोंडाला, तेही पॅनेलच्या पत्र्यात रबर गॅस्केटसह घट्ट बसवलं तर. पाठीमागची बाजू उघडीच असते. त्याला वेगळी फायबरची पेटी करा, पुढे काचेची खिडकी, ग्लँड खालच्या बाजूने, केबल आत जाण्याआधी खाली एक वळण घेऊ द्या म्हणजे पाणी तिच्यावरून ओघळून गळून पडेल, आत जाणार नाही. वर पत्र्याचं छोटं छप्पर हवंच. आपल्याकडे पाऊस आडवा येतो. आणि तोंड उत्तरेकडे करा. पश्चिमेला केलंत तर दुपारनंतर उन्हात लाल आकडे टँकरवाल्याला दिसणार नाहीत.

---

कुंडईचा वायरमन | २८ एप्रिल, सकाळी ८:५५

गेटच्या खांबाची उत्तर बाजू मोकळी आहे. आज मोजमाप घेतो. देव बरे करू, काका.